चावडीवर उभी राहिलेली बरणी

मित्रांनो, कराडजवळच्या कारखान्यात घडलेली मी एक जुनी काचेची बरणी आहे. मेढ्याच्या बाजारातून साळूबाईनं मला घरी नेलं. तिचा नवरा फौजेत होता. माझ्यात ती काकवी भरून ठेवी आणि मला पदरानं पुशी. तेवढं कौतुक मला पुरे होतं.

१९७४ साली तिचे सासरे काकवी-भाकरी खाऊन उठले, अंगणात कोसळले आणि गेलेच. धाकटा दीर आकाराम ओरडला, "वैनीनं इख घातलं!"

पोलिसांनी साळूबाईला नेलं, मलाही नेलं. माझ्या तोंडावर फडकं बांधलं, वर लाख ओतली. त्या दिवसापासून माझं नाव 'मुद्देमाल'. ती तुरुंगात, मी कपाटात. उरलेली काकवी माझ्या पोटात आंबत राहिली. प्रयोगशाळेत थोडी काढून तपासली आणि मला पुन्हा कोंडलं.

सातारच्या कोर्टात खटला चालला. तपासणी करणारे भूपाल मगदूम साक्षीला आले. ते सांगलीकडचे. वकिलांच्या तोंडी सारखा 'फोरेन्सिक' हा शब्द. साळूबाईनं पिंजऱ्यातून हात जोडले.

"आवं सायेब, त्या शब्दावर माजा जीव टांगलाय. त्येचा अर्थ तरी सांगा."

न्यायाधीशांनी मान डोलावली.

भूपाल म्हणाले, "बाई, जुन्या रोम शहरात भर चौकाला 'फोरम' म्हणत. तिथंच बाजार भरे, तिथंच लोकांदेखत तंटे चालत. त्यावरून हा शब्द आला. विज्ञानानं शोधलेलं खरं न्यायापुढं मांडायचं, ते फोरेन्सिक."

"म्हंजे आमची चावडीच की! मग सांगा समद्यांम्होरं."

"या काकवीत विष नाही. मयताच्या पोटातही सापडलं नाही."

हृदय बंद पडलं असावं, असं डॉक्टरांनीही सांगितलं. आकारामनं मान खाली घातली. साळूबाई पिंजऱ्यातच हमसून हमसून रडली. ती सुटली.

निघताना तिनं माझ्याकडं बोट केलं. "आन् माजी बरणी?"

"अपिलाची मुदत सरल्यावर अर्ज करा," कारकून म्हणाले.

ती त्या दाराशी पुन्हा कशाला येईल? मुदत सरली. मी अजून फळीवरच आहे. शेजारी एक गंजलेला विळा आहे, कुणाचे तरी पैंजण आहेत. त्यांचेही निकाल कधीच लागलेत.

मित्रांनो, आम्हा मुक्या साक्षीदारांना खटला चालेतो जिवापाड जपा. पण निकाल लागला की आम्हाला मोकळं करा. त्या दिवशी कोर्टानं एकटीलाच सोडलं. निर्दोष तर आम्ही दोघी होतो.