सखाबाईची माळ

बुधरामच्या तोंडाला कुलूप असतं, तर पुढचं काही घडलंच नसतं. पण ढिवराचं पोरगं. जाळं टाकायला शिकलं, जीभ आवरायला शिकलं नाही.

नागपूरच्या पलीकडे हिंगण्याच्या अंगाला नवे कारखाने उभे राहत होते. त्यातल्या एकात बुधराम लागला, त्याला वर्ष होत आलं होतं. बायको बायाबाई आणि आई सखाबाई इकडे करडी गावात, आणि तो तिकडे चौघांच्या खोलीत, खानावळीच्या पातळ वरणावर. पावसाळ्यात त्याला कावीळ झाली. घरी आला तेव्हा सदरा अंगात घातलाय की खुंटीला टांगलाय, कळत नव्हतं.

कावीळ उतरली, पण सखाबाईचा जीव काही थाऱ्यावर येईना. तिची भीती दुसरीच होती. तिचा नवराही असाच मॅंगनीजच्या खाणीवर एकटा गेला होता. पहिल्या वर्षी सणाला आला, दुसऱ्या वर्षी नुसता निरोप आला, तिसऱ्या वर्षी कळलं की तिकडं त्यानं दुसरी बाई ठेवली. पुढं तो मेला तेसुद्धा हिला लोकांकडून समजलं. माशाची टोपली डोक्यावर घेऊन तुमसरचा बाजार करून तिनं पोरगं वाढवलं. आता सुनेच्या वाट्याला तेच आलं तर? नुसत्या विचारानं तिला घास गिळवत नसे.

"एकटा मानूस म्हंजे उघडं भांडं," ती बुधरामला म्हणाली. "कोनीबी तोंड घालते. तू खोली पाह्य आन् बायकोले घेऊन जाय."

"खोली काय झाडाले लागते का माय? ढिवर म्हटलं का मालकाच्या नाकात आधीच वास शिरते."

तरी दिवाळी सरल्यावर तो आला तो हसतच आला. खोली मिळाली होती. मालकीण देवभोळी, अंगणात तुळशीवृंदावन, दर एकादशीला भजन. तिची अट एकच, घरात मासमच्छी शिजता कामा नये. 'नाही शिजवणार' एवढं म्हणून गप बसला असता तर चाललं असतं. पण गप बसेल तो बुधराम कसला!

"मी म्हटलं, बाई, मच्छीचं नावच सोडा. माह्या घरी माय माळकरी हाय!"

सखाबाई तेव्हा झिंग्यांचा रस्सा ओरपत होती. तिला असा ठसका लागला की बायाबाईला पाठ चोळावी लागली.

"मालकीण लई खूश झाली," बुधराम पुढं म्हणाला. "आधीच्या भाडेकरूनं फसवलं होतं तिले. म्हून म्हने, बायकोले आन. तिनं तुळशीवर हात ठेवून एवढं सांगतलं का सासू माळकरी हाय, का खोली तुमची."

बायाबाईनं पळी खाली ठेवली. "मी नाई सांगनार."

"काहून?"

"मच्छी नाई शिजवत. नाई खात. पन तुळशीवर हात ठेवून खोटं बोलनार नाई. उद्या पोटी लेकरू आलं तं त्याले कोनाचा शाप लागन?"

बुधरामनं समजावलं, मग आवाज चढवला, मग हात जोडले. बायाबाई तशी गरीब गाय, पण एकदा नाही म्हटलं की ब्रह्मदेव आला तरी नाहीच. दोन दिवस घरात कोणी कोणाशी धड बोललं नाही. तिसऱ्या दिवशी बुधरामनं थैली भरायला घेतली. "जातो मी. चौघांतच राहीन. कायले पाहिजे मले घर!"

हे वाक्य सखाबाईनं आधी ऐकलं होतं. अगदी असंच, खाणीवरच्या माणसाच्या तोंडून.

"सांजेपर्यंत थांब," ती म्हणाली, आणि लुगड्याचा पदर खोचून थेट टेकचंदबुवाकडे गेली.

टेकचंदबुवा धानाच्या बांधीवर होता. गावच्या भजनी मंडळाचा म्होरक्या, आणि कोणाला माळ घालायची तर त्याच्याच हातून. सखाबाई माळ मागते म्हटल्यावर त्याला आधी हसू आलं.

"सौ चूहे खाके बिल्ली चली हज को! सखाबाई, तुह्या घरी तं चुलीलेबी मच्छीचा वास येते."

"हसून घे बुवा. पन घाल."

"पाह्य, हा काही दागिना नोहे. घातली का मरेपर्यंत. मंग जिभेले पानी सुटलं म्हून काढून दे म्हनशील, तं मी काढनार नाई."

"नाई म्हननार. पन मच्छी इकनं सोडता येत नाई मले. पोटाचा धंदा हाय."

बुवा बांधावर टेकला. "धंदा हाताचा. माळ तोंडाची," तो म्हणाला. "देवाले पोट समजते."

सांजेला ती घरी आली ती गळ्यात माळ घेऊनच. बायाबाई बघतच राहिली. "आत्याबाई, हे काय करून बसल्या वो!"

"तुले खोटं बोलता येत नाई, अन् याले खरं बोलता येत नाई. मंग मीच खरं करून टाकलं. बांध बोचकं."

बायाबाईनं तिच्या पायांवर डोकं ठेवलं आणि ढसाढसा रडली. बुधराम खाली मान घालून उभा होता.

दुसऱ्या दिवशी दोघं गेली. खोली मिळाल्याचा निरोप आठवड्यात आला.

सखाबाईचे मात्र हाल सुरू झाले. बाजारात गिऱ्हाईकं छेडायची, "काय वो सखाबाई, आता झिंग्यायले हरिनाम शिकवतेस का?" ती म्हणायची, "शिकवतो न. तुह्या पोटात जाऊन म्हनतीन." तोंडानं ती कोणाला हार जायची नाही. पण घरी आल्यावर काय? पावसात गाभोळीची मासळी आली की हात तीच निवडायचे आणि तोंडाला पाणी सुटायचं. एकदा तिनं वांग्यात मुद्दाम मच्छीचा मसाला टाकून पाहिला. वांगं ते वांगंच. ती चिडून देवाला म्हणाली, "तुले काय, तुले तं लोनी भेटते!" पण माळ तिनं पाळली.

पुढच्या दिवाळीनंतर मंडईला, म्हणजे गावच्या जत्रेला, दोघं आली. खरं तर तिघं, बायाबाईच्या कुशीत दोन महिन्यांची पोर होती. बुधरामचे गाल भरले होते. सखाबाईनं नातीला घेतलं आणि तिला वाटलं, बस्स, भरून पावलो.

दुपारी बुधरामनं तलावातून चांगली हातभर मरळ आणली. बायाबाईनं रांधली. ताटं वाढताना बुधरामची जीभ पुन्हा सुटली. "हे तं काहीच नाई माय. आमच्या नव्या खोलीत दर ऐतवारी मच्छी रांधते हे. मालक तुमसरकडचा हाय, आपल्याहून खानारा."

"नवी खोली?" सखाबाईनं विचारलं. "कधीची?"

"होळीपासून."

चुलीपुढं बायाबाईचा हात थांबला. "मी म्हनत होतो आत्याबाईले कळवा म्हून," ती हळूच म्हणाली.

सखाबाईला राग आला. येणारच. होळीपासून ते तिकडं रस्सा ओरपत होते आणि ती इकडं वांगी चिवडत होती! कोणाच्या हाती एक निरोप धाडता आला नाही?

"मंग आता कायले ते माळीचं?" बुधराम म्हणाला. "काढून टाक न. घे, मुंडकं तुह्यासाठीच ठेवलं."

"मालकिनीले तू सांगतलं होतं बुधराम. देवाले मी सांगतलं. तुही मालकीन बदलली, माहा तं तोच हाय."

बायाबाईनं आपलं ताट बाजूला सारलं. तिचे डोळे भरून आले होते.

"सार ते पुढं आन् खा," सखाबाई खेकसली. "अंगावर पाजतेस तू. एक सांग मले. हा रोज घरी येते न? काम सुटलं का सरळ घरी?"

"हव आत्याबाई. रोज येतेत."

"रातच्या पाळीलेबी?"

"पाळी सुटली का घरीच येतेत."

सखाबाईनं नातीला मांडीवर घेतलं, सुनेच्या ताटातल्या मरळीचा काटा आपल्या हातानं काढून दिला, बोटं पदराला पुसली.

"तं मंग मले चटनी वाढ," ती म्हणाली.