मुळ्याच्या अंगातली लस

कसबा पेठेतल्या त्या गल्लीत सकाळपासून रांग लागली होती. कोविडचं दुसरं वर्ष. बहुतेक सगळे कंपन्यांतले कामगार. लस घेतली नाही तर कामावर येऊ नका, अशी नोटीस लागली, म्हणून त्यांनी घाबरत लस घेतली होती. आता तितकंच घाबरून ती अंगातून काढून घ्यायला आले होते.

ती काढत बद्रीनाथ महाराज. मिठाच्या पाण्याच्या टबात पाय ठेवायचे, महाराज मंत्र म्हणत टबाला जोडलेल्या यंत्राचं बटण दाबत आणि थोड्याच वेळात पाणी गढूळ, तपकिरी.

"बघा, कंपनीनं भरलेलं विष!"

माझी शेजारीण द्वारका पॅकिंग खात्यात होती. लसीनंतर तिला रात्रभर ताप आला. "नम्रता मॅडम, मी मेले तर माझ्या शकूचं कसं हो?" मी शाळेत विज्ञान शिकवते; तिला परोपरीनं समजावलं. पण तिनं महाराजांकडे जाऊन टबात पाय बुडवले आणि तिला ते पाणीच खरं वाटलं. महाराजांनी तिच्या रक्तदाबाच्या गोळ्याही बंद केल्या. "विष निघताना आड येतात," म्हणे.

त्याच आठवड्यात रक्तदाब चढून ती जिन्यात कोसळली. दवाखान्यात डोळे उघडताच म्हणाली, "अजून विष राहिलंय. मला महाराजांकडे न्या."

ते ऐकून मात्र मीच घाबरले.

तिला बरं वाटल्यावर मीच तिला घेऊन गेले. टबात दोन गंजक्या पट्ट्या दिसल्या. द्वारकाला रांगेत बसवून मी मंडईतून दोन मुळे आणले.

आमची पाळी आली. "महाराज, आधी यांचं विष काढा," म्हणत मी मुळे टबात टाकले आणि बटण दाबलं.

"अहो, काय करताय? मंत्राशिवाय यंत्र चालत नाही!"

"मग थांबू की. आपल्याला कुठं घाई आहे?"

पाणी पिवळं झालं, मग तपकिरी. द्वारका पुटपुटली, "मुळ्याला कुठल्या कंपनीनं लस दिली?"

मी बटण बंद करून पट्ट्या वर काढल्या. "या लोखंडाच्या आहेत. मिठाच्या पाण्यात वीज सोडली की लोखंड गंजतं. हा तो गंज. तुमच्या अंगातून काहीच निघालेलं नाही."

"म्हणजे लस आतच आहे?" रांगेतल्या रणजितनं घाबरून विचारलं.

"ती थोड्या दिवसांत जिरते. तिनं शरीराला शिकवलेलं लढणं तेवढं उरतं."

"पण सक्ती कशाला? आम्हाला कुणी विचारलं?" तो म्हणाला.

"हे कंपनीला विचारा, सगळे मिळून, मोठ्यानं. ताप का आला, ते डॉक्टरांना विचारा. टबाला विचारू नका."

महाराज ग्रहदशेबद्दल काहीतरी बोलत राहिले. रांग हळूहळू पांगली.

द्वारकानं संध्याकाळी रक्तदाबाची गोळी घेतली, पण त्याआधी मला दोनदा विचारलं, "काही होणार नाही ना?" भीती वाटण्यात गुन्हा नाही. मलाही वाटली होती. पण भीतीवर कुणी उपाय घेऊन आला, तर पाय बुडवण्याआधी टबात काय आहे ते पाहून घ्या.