कुणाच्या दारात कोण

"दाराला कुलूप लागलं, की आतलं बोलणं आतच," साइटच्या नावाशेजारचं कुलपाचं चित्र दाखवत संगणकाच्या बाई म्हणाल्या.

सगळ्या मुलांचे फोन त्यांनी वर्गाच्या वायफायवर घेतले होते. फोनमधून जे जातं-येतं ते भिंतीवरच्या पडद्यावर सरकत होतं. डावीकडे मुलांनी फोनला दिलेली नावं, उजवीकडे अक्षरांचा नुसता भुगा.

"वाच बघू," त्या भोंग्याला म्हणाल्या. त्याचा आवाज शेजारच्या वर्गातही ऐकू जायचा, म्हणून हे नाव.

"बाई, हे तर माझ्या अक्षरापेक्षा भयंकर आहे!"

वर्ग खदखदला. बाईही हसल्या, आणि हसता हसता त्यांची नजर पडद्यावर थबकली.

पडद्याच्या तळाशी 'चिमणी' असं फोनचं नाव होतं. पुढे, भुग्याच्या आधी, स्वच्छ वाचता येणारं साइटचं नाव: 'सांगून टाक'. घरात मार खाणाऱ्या मुलांची मदतवाहिनी.

चिमणी म्हणजे शेवटच्या बाकावरची, विचारल्याशिवाय तोंड न उघडणारी. परवा तिनं विचारलं होतं, "कुलूप दिसलं की नक्की कुणाला कळत नाही ना, बाई?"

"देवालासुद्धा नाही," बाई म्हणाल्या होत्या.

फोन आधी साइटला नावानं उघड हाक मारतो आणि कुलूप त्यानंतर लागतं, हे बाईंना पाठ होतं. सोपं करून सांगण्याच्या नादात नेमकं तेच त्यांनी गाळलं होतं.

त्यांनी पडद्याची वायर हिसकली.

"बाई, 'सांगून टाक' काय होतं? कुणाचा फोन तो?" भोंग्याचा आवाज जरा चिरकला. माना वळू लागल्या. चिमणी पांढरीफटक. तिचा चुलतभाऊ याच वर्गात होता. संध्याकाळच्या आत बातमी तिच्या घरी पोचली असती.

बाईंनी आवाज शिकवण्याचाच ठेवला. "माझं चुकलं, पोरांनो. आतलं बोलणं कळत नाही, पण कोण कुणाच्या दारात उभं आहे, ते गल्लीला दिसतं. मग तिथं उभा असलेला एकटा ओळखू येऊ नये म्हणून काय करायचं?"

त्यांनी स्वतःच उत्तर दिलं.

"अख्ख्या गल्लीनं तिथं जाऊन उभं राहायचं. काढा फोन. प्रत्येकानं 'सांगून टाक' उघडा. घरीही रोज उघडायचं. कुणी विचारलं तर सांगा, बाईंनी अभ्यास दिलाय."

वायर पुन्हा जोडली. ओळीवर ओळ तेच नाव कोसळू लागलं. त्यात चुलतभावाचाही फोन होता. चिमणीची ओळ कुठल्या कुठे बुडाली.

सुटकेचा श्वास टाकत बाई बाकांमधून निघाल्या. भोंग्यापाशी थांबल्या. "आटप रे, आत्ता मारे बोलत होतास."

त्यानं पहिलंच अक्षर दाबलं होतं. उरलेलं नाव फोननं आपणहून पुरं केलं. फोन असं पुरं करतो ते नेहमी उघडलेल्या साइटचंच नाव.

भोंग्यानं झटकन स्क्रीनवर पंजा ठेवला आणि वर पाहिलं.

बाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मग वर्गाकडे पाहिलं. सगळी डोकी फोनवर वाकलेली. पुढच्या बाकावर जाऊन बघायचं त्यांना धाडस होईना.