आईंच्या अंगठ्याचं नख

"माताजी, नाखून कहाँ है?" झाशीच्या सदर बाजारातल्या त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आणि अनुयाने कपाळाला हात लावला.

तिच्या सासूबाईंच्या, शकुंतलाबाईंच्या, उजव्या पायाच्या अंगठ्याचं नख वर्षभर पिवळं, जाडजूड होऊन कडेने भुगा होत होतं. त्यात मधुमेह, पायाला साधी चीर पडली तरी चिघळायची भीती. म्हणून अनुया कडेवरच्या लेकीसकट, स्वरदासकट, त्यांना इथवर घेऊन आली. आणि आईंनी आदल्या दिवशी नख मुळापर्यंत कापून, पाय वजरीने घासून, वर लाल नेलपॉलिश लावलं होतं.

"परक्या बाईपुढे घाणेरडा पाय कसा करायचा गं?"

"अहो आई, तोच तर दाखवायचा होता."

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, बुरशी वाटते, पण नखाचा तुकडा तपासल्याशिवाय गोळ्या देणार नाही. दीड महिना नख वाढू द्या. मलम, पॉलिश बंद.

घरी येताच अनुयाने नेलकटर कुलपात टाकलं. तर आई कात्री शोधू लागल्या. "टोकापुरतं कापू का?"

"स्वरदासुद्धा माझं ऐकते, आई."

"ती वर्षाची आहे. तिला कसली लाज."

त्यातच चैत्राचं हळदीकुंकू आलं. पाया पडायला येणाऱ्या बायका, झाशीचा तापलेला एप्रिल, आणि आई जरीच्या साडीखाली मुलाचे, सलीलचे, काळे मोजे घालून बसलेल्या.

"काढा ते. घामाने बुरशी वाढेल. शिवाय सलीललाही प्रसाद मिळेल."

"सगळ्यांचं लक्ष तिथेच जाईल."

"जाऊ दे. पायच गेला तर काय कराल?"

आईंनी वाकून मोजे ओढून काढले. शेजारची रुक्मिणी नमस्काराला वाकली, तशी म्हणाल्या, "लांबूनच कर हो. नखाला रोग झालाय, सोमवारी तपासायला द्यायचंय."

सोमवारी तुकडा गेला. बुरशीच निघाली. रक्त तपासून तीन महिन्यांच्या गोळ्या सुरू झाल्या. नवं नख पुरतं यायला वर्ष लागेल, हे डॉक्टरीणबाईंनी दोनदा बजावलं.

आठव्या दिवशी आई अंगठा उन्हात धरून म्हणाल्या, "काही फरक नाही बाई. बंद करते मी."

अनुयाने स्वरदाला त्यांच्या मांडीत बसवलं, हातावर गोळी ठेवली, पाण्याचा पेला पुढे केला, आणि घोट घशाखाली उतरेपर्यंत समोरून हलली नाही.