सरोजिनीबाईंच्या चिठ्ठ्या

फतेगंजच्या आमच्या मराठी चर्चमध्ये मुलांची शब्बाथशाळा भरते तशी मोठ्यांचीही भरते. रविवारी सकाळी सव्वाआठ ते सव्वानऊ, मागच्या खोलीत, साडेनऊला उपासना. मोठ्यांच्या वर्गाचा मी चिटणीस, म्हणजे हजेरीचं पुस्तक माझ्याकडे. त्यात पाच रकाने आहेत: हजर, वेळेवर, शास्त्र (म्हणजे बायबल) आणले, पाठ वाचून आला, प्रश्न विचारला. पहिले तीन दिसतात तसे भरायचे. चौथा लोक सांगतील तसा भरायचा, आणि ते सांगतात तेच मी लिहितो, कारण रविवारी सकाळी कोणाला खोटं पाडू नये. पाचवा रकाना बावीस वर्षं कोरा होता.

बावीस वर्षं वर्ग जयवंतराव साळवे घ्यायचे. रिफायनरीच्या सेफ्टी खात्यातून निवृत्त झालेला माणूस. पाठही असा शिकवायचे की त्यात कुठे ठिणगी पडायला जागा राहू नये. प्रश्न तेच काढायचे, उत्तर तेच द्यायचे आणि मग "बरोबर?" म्हणून आमच्याकडे बघायचे. आम्ही मान हलवायचो. तिघाचौघांची मान डुलकीत आपोआप हलायची. तीही ते संमतीत धरायचे.

डिसेंबरात त्यांची बायपास झाली. डॉक्टरांनी तीन महिने कमी बोलायला सांगितलं आणि एका तिमाहीपुरता वर्ग सरोजिनीबाई ओहोळांकडे आला. सरोजिनीबाई छत्तीस वर्षं नर्स होत्या, त्यातली शेवटची अकरा हेड सिस्टर. आमच्या वर्गात त्या बावीस वर्षं तिसऱ्या रांगेत वही घेऊन बसल्या होत्या. वर्ग मला हवा आहे असं त्या एकदाही बोलल्या नव्हत्या. पण दर वर्षी नवी वही आणत होत्या, आणि नुसतं ऐकणारा माणूस एवढ्या वह्या भरत नाही.

मंडळीच्या कमिटीनं ठरवलं ते असं. मार्चच्या शेवटच्या रविवारी शब्बाथशाळेचे सुपरिंटेंडंट पिलाजीराव स्वतः वर्गात येऊन बसतील आणि पुढे वर्ग सरोजिनीबाईंकडे राहायचा की जयवंतरावांकडे परत जायचा, ते त्याच दिवशी सांगतील. म्हणजे बाईंच्या हातात बारा रविवार आणि एक परीक्षा.

पहिल्या रविवारी त्यांनी पाठ छान मांडला. विजयमाला कदम नंतर म्हणाल्या की सलाइन लावल्यासारखा थेंब थेंब आत गेला. शेवटी बाईंनी विचारलं, "कोणाला काही विचारायचंय?"

कोणी हललं नाही. मी घड्याळ बघितलं, पावणेदोन मिनिटं गेली. मग प्रतापसिंह भांबळांनी हात वर केला. त्यांचं वाडी भागात स्कूटरच्या पार्टचं दुकान आहे. ते म्हणाले, "बाई, यंदाची पिकनिक महीच्या काठीच ना?"

सरोजिनीबाईंनी पिकनिकचं उत्तर दिलं, वही मिटली आणि घरी गेल्या. पुढच्या शनिवारी संध्याकाळी त्या स्कूटरवरून फिरताना दिसल्या. माझ्याकडेही आल्या. चहा घेतला नाही, पर्समधून घडी घातलेली चिठ्ठी काढून दिली.

"हा उद्याचा तुमचा प्रश्न. पाठ झाला की विचारा. थोडं अडखळलात तरी चालेल."

"मुद्दाम अडखळू?"

"नाही हो. तुम्ही आपोआप अडखळता."

त्या रविवारी पाच प्रश्न आले. मी पाचवा रकाना भरला, माझ्या स्वतःच्या नावापुढेही खूण केली. लबाडी आहे हे कळत होतं; पण एवढी वर्षं कोरा राहिलेला रकाना भरताना हात थांबत नाही.

पुढे चिठ्ठ्यांना आपले कायदे लागले. लांब प्रश्न मिळणं हा मान झाला. विजयमालाताईंना एकदा एका ओळीचा प्रश्न आला, तर त्या बाईंना फोन करून अर्ध्या गुजरातीत म्हणाल्या, "माझ्यात काय कमी दिसलं? भांबळांना पाऊण पान आणि मला आटलुंच, एवढंसंच?" मग बाईंनी त्यांना उत्तराची चिठ्ठी दिली. म्हणजे प्रश्न भांबळांनी विचारायचा आणि उत्तर कदमताईंनी द्यायचं. वर्ग असा रंगू लागला की शेजारच्या गुजराती वर्गातली माणसं खिडकीशी थांबून ऐकायची.

चुकाही झाल्या. प्रतापसिंह सगळ्या चिठ्ठ्या एकाच खिशात ठेवतात. पेरणाऱ्याच्या पाठाला त्यांनी दिव्याच्या पाठाचा प्रश्न विचारला, तोही ठासून. बाईंनी शांतपणे "दिव्याकडे आपण येऊच" म्हणून निभावून नेलं. दवाखान्यात छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला बिघडलेलं सावरण्याची सवय असते.

एकदाही चिठ्ठी मिळाली नाही असं वर्गात एकच माणूस होतं, कांचन. बाई जिथे होत्या त्याच सरकारी दवाखान्यात आया आहे. शनिवारची रात्रपाळी उरकून थेट येते, भिंतीकडच्या खुर्चीत बसते आणि पहिल्या प्रार्थनेतच तिचे डोळे मिटतात. प्रार्थनेत सगळ्यांचेच मिटतात. तिचे "आमेन" झाल्यावर उघडत नाहीत एवढंच. बाई म्हणायच्या, "तिला कशाला आणखी अभ्यास? बसू दे बिचारीला."

मार्चचा शेवटचा रविवार उजाडला. पाठ हरवलेल्या मेंढराचा. शंभर मेंढरं, त्यातलं एक हरवतं, मेंढपाळ नव्याण्णव सोडून त्या एकामागे जातो आणि ते सापडल्यावर खांद्यावर घेऊन येतो. पाळण्यातल्या मुलालाही ठाऊक असलेला दाखला. तरी बाईंनी आठ चिठ्ठ्या वाटल्या होत्या. वर्गात एकोणीस माणसं, सगळी वेळेवर. पिलाजीराव मागे बसले, त्यांच्या शेजारी जयवंतराव, इस्त्रीचा सदरा, चेहऱ्यावर रंग परत आलेला. त्यांनी आपला खडूसुद्धा आणला होता.

पाठ चांगला झाला. पहिला प्रश्न झाला, दुसरा झाला. तिसरा प्रतापसिंहांचा. आज चूक नको म्हणून त्यांनी चिठ्ठी हातातच धरली होती. उभे राहिले, चष्मा लावला आणि वाचायला लागले.

"मेंढपाळाला एक मेंढरू कमी आहे हे कळलं कसं? तो रोज मोजत असेल का? भांबळभाऊ, हे विचारून झाल्यावर लगेच विजयमालाताईंकडे बघू नका."

वाचून झाल्यावर त्यांनी विजयमालाताईंकडे बघितलं.

पिलाजीराव तीस वर्षं शाळेत हेडमास्तर होते. ते जागेवरूनच म्हणाले, "भाऊ, शेवटचं वाक्य शास्त्रात कितव्या ओवीत आहे?"

प्रतापसिंह चिठ्ठी उलटसुलट बघू लागले. जयवंतराव हसले नाहीत, हे त्यांच्या नावावर जमा धरलं पाहिजे. ते फक्त म्हणाले, "मला वाटलंच. ही माणसं प्रश्न विचारणारी नव्हेत. मी ओळखतो यांना."

सरोजिनीबाई टेबलाशी उभ्या होत्या. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"साहेब, प्रश्न मी लिहून देते," त्या पिलाजीरावांना म्हणाल्या. "दुसऱ्या रविवारपासून सगळे मीच दिलेत."

"आणि उत्तरं?"

"निम्मी."

"बाकीची निम्मी?"

"ती मीच इथे उभी राहून देते."

कोणीतरी खोकलं. बाईंनी हात पुढे केला, "आणा इकडे," आणि रांगेतून फिरून चिठ्ठ्या गोळा केल्या, सकाळी वॉर्डात थर्मामीटर गोळा करावेत तशा. माझीही दिली. त्यांनी गठ्ठा टेबलावर ठेवला.

"आता खरंच विचारते. या पाठाबद्दल कोणाला काही विचारायचंय?"

नऊ वाजायला सहा मिनिटं होती. जयवंतराव खुर्चीच्या टोकाशी सरकले. पिलाजीरावांनी पेनाचं टोपण काढलं. बाईंचे बारा रविवार माझ्या डोळ्यांसमोर वजा होत होते.

"मला विचारायचंय," भिंतीकडून आवाज आला.

कांचन उभी नव्हती राहिली. ओढणी सारखी करत होती. कधी जागी झाली कोणास ठाऊक.

"बोल," बाई म्हणाल्या.

"माझ्या वॉर्डात बावीस पेशंट असतात. रात्री मी एकटी आया. काल एक म्हातारे लघवीला म्हणून उठले आणि जिन्याकडेच चालायला लागले. मी त्यांच्या मागे पळाले, धरून आणलं. तेवढ्यात इकडे सहा नंबरच्या बाई खाटेवरून पडल्या. सकाळी सिस्टरनी मलाच विचारलं ने, की तू कुठे होतीस. म्हाताऱ्यांना आणलं त्याचं कोणी नाव काढलं नाही." ती थांबली. "मग या मेंढपाळाला कोणी विचारलं नाही का? त्या नव्याण्णवांचं काय?"

सरोजिनीबाई टेबलामागून पुढे आल्या.

"फार लागलं का सहा नंबरला?"

"कोपर फुटलं."

"मी हेड सिस्टर असते तर तुला मेमो दिला असता," बाई म्हणाल्या. "अशा दोघींना दिलेत मी."

"हो, मला माहीत आहे. मग मेंढपाळाला?"

बाईंनी वही उघडली. पान उलटलं, परत मागे आणलं. तिथल्या टिपणांत जे असेल ते त्यांच्या कामाचं नव्हतं हे आम्हाला मागूनही दिसलं. त्यांनी वही मिटली.

"मला माहीत नाही, कांचन."

आमच्या मागच्या खोलीत शिक्षकाच्या तोंडून हे वाक्य पूर्वी ऐकलेलं मला आठवत नाही.

"यात माहीत नसण्यासारखं काय आहे?" जयवंतराव उठलेच. फळ्याशी जाऊन त्यांनी दर तीन वर्षांनी हा पाठ आला की काढायचे तसं कुंपण काढलं, दार काढलं, दाराला कडी काढली. "नव्याण्णव कोंडवाड्यात होती. सुरक्षित. अशी व्यवस्था केल्याशिवाय कोणी जाईल का? बरोबर?"

काही माना हलल्या. प्रतापसिंहांची हलली नाही. झालेल्या फजितीमुळे त्यांनी डोकं शास्त्रात खुपसलं होतं आणि त्यामुळे ते खरोखर वाचत होते.

"साळवेसाहेब, इथे कोंडवाडा नाही," ते म्हणाले. "इथे 'रानात' लिहिलंय. रानात सोडून गेला."

"बघू."

जयवंतरावांनी पुस्तक घेतलं, लांब धरलं, जवळ धरलं. मग फळ्यावरच्या कडीकडे बघितलं.

त्यानंतर कोण कोणाच्या आधी बोललं ते मला लिहिता आलं नाही. विजयमालाताई म्हणाल्या की नव्याण्णव एकमेकांना बघत असतील, मेंढरं माणसांपेक्षा बरी. प्रतापसिंह म्हणाले की दुकान उघडं टाकून गिऱ्हाइकामागे धावणारा माणूस त्यांनी वाडीत पाहिलेला आहे आणि त्याचं दुकान आता दुसरं कोणी चालवतं. एक आजी चिठ्ठीशिवाय कधी बोलत नाहीत, त्या म्हणाल्या, "माझ्या पाच पोरांत एक दारू पिणारा. जन्मभर त्याच्यामागे गेले. बाकीचे चार अजून ऐकवतात." मग जयवंतराव खुर्चीत बसत हळूच म्हणाले, "प्लांटमध्ये आम्ही एकामागे कधीच जाऊ दिलं नसतं. नियम होता. एकदा नियम पाळला होता आम्ही." एवढं बोलून त्यांनी खडू खिशात टाकला.

सव्वानऊची घंटा झाली तेव्हा खोलीत सहा जण एकदम बोलत होते.

"बस ने, पुरे," सरोजिनीबाई हात वर करून म्हणाल्या. "उपासनेला चला. कांचनच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही. आठ दिवस शोधते. तुम्हीही शोधा. सापडलं नाही तर तसं सांगेन."

माणसं बाहेर पडली ती भांडत. पिलाजीराव दाराशी थांबले, जयवंतरावही थांबले. मी खुर्च्या सरळ करत होतो.

"वर्ग ओहोळबाईंकडे राहू दे," पिलाजीराव म्हणाले. "चिठ्ठ्या बंद."

"मला उत्तरं येतात म्हणून मला नको?" जयवंतरावांनी विचारलं.

"साळवेसाहेब, तुम्हाला सगळीच येतात. आज काय झालं ते बघितलंत ना? पुढच्या रविवारी ही माणसं उत्तर काय निघतं ते बघायला येणार आहेत. तुम्हीसुद्धा येणार आहात."

जयवंतराव फळ्याशी गेले. आपलं कुंपण त्यांनी स्वतःच पुसलं. मग सरोजिनीबाईंकडे वळून म्हणाले, "पुढच्या रविवारी मला पाच मिनिटं लागतील. प्लांटचं ते सांगायचं आहे."

"पाच म्हणजे पाच," बाई म्हणाल्या. "डॉक्टरांनी कमी बोलायला सांगितलंय तुम्हाला."

"तीन महिने झाले त्याला."

"मग सात घ्या."

ओट्यावर कांचन चपला शोधत होती. बाईंना बघून ती उभी राहिली. "बाई, मी तोंड उघडलं म्हणून तुमचं काही बिघडलं तर नाही ना? ते साहेब लिहीत होते."

"वर्ग मलाच दिला त्यांनी."

"असं?" कांचन म्हणाली. तिला एवढी जांभई आली की दोन्ही हात तोंडावर ठेवावे लागले. "मग उत्तर तुम्हालाच शोधायला लागणार."

"हो. तुझी पुढच्या शनिवारी कुठली ड्यूटी?"

"रात्रीचीच."

"किती वाजता सुरू?"

"आठ."

"मी नऊला येते वॉर्डात," सरोजिनीबाई म्हणाल्या. "बसायला एक स्टूल ठेव. बावीस जणांना एकटीनं कसं बघतात ते मी अकरा वर्षं खुर्चीतून पाहिलं. एकदा शेजारी बसून बघते."