दाराच्या आतला टवका

गाड्यांच्या काचा बसवणाऱ्या त्या माणसाला सगळे गोगलगाय म्हणत. हे नाव मास्तरांनी ठेवलेलं. त्यांच्याकडे गाडी शिकताना तो पहिल्या गिअरवरून दुसऱ्यावर जायलाच तयार नसायचा. सायकलवाले घंटी वाजवत पुढे निघून जायचे आणि शेजारच्या सीटवरून मास्तर म्हणायचे, "अरे गोगलगायी, आपल्याला आजच पोचायचंय." नाव चिकटलं ते चिकटलंच. त्यालाही ते आवडायचं, कारण काचेच्या धंद्यात सावकाश हात म्हणजे मोठी गोष्ट. "माझ्या हातून आजवर एका काचेचा टवका उडालेला नाही," असं तो चहा पिताना सांगायचा, आणि चहा नसला तरी सांगायचा. गोगलगायीच्या म्हणीतलं पुढचं, पोटात पाय वगैरे, त्याला कधी कुणी ऐकवलं नव्हतं. तशी वेळच आली नव्हती.

वेळ आली ती मास्तरांच्याच गाडीच्या निमित्तानं. ड्रायव्हिंग स्कूल मास्तरांनी काढलेलं, आता मुलगा चालवायचा. मास्तर थकले होते, विसरायला लागले होते. चष्मा कपाळावर चढवून चष्म्यासाठी सगळं घर उलथंपालथं करायचे. त्यांच्याकडे आता दोनच कामं उरली होती. रोज गाडी धुवायची आणि नव्या शिकाऊंना उभ्या गाडीत बसवून क्लच-ब्रेक समजावून सांगायचे. पण त्या कामांसाठीसुद्धा ते इस्त्रीचा शर्ट घालून अंगणात यायचे, आणि किल्ली खुंटीवरून स्वतःच्या हातानं काढायचे.

त्या गाडीच्या मागच्या दाराची काच खाली जाईना, म्हणून गोगलगायीला बोलावणं आलं. त्यानं दाराचं आवरण काढलं, काच वर ओढून बाहेर घेतली, आत अडकलेला भाग बदलला. काच परत आत सोडताना मागून मुलाचा आवाज आला, "झालं का दादा? शिकाऊ खोळंबलेत." गोगलगायीनं मान वळवली आणि काचेचा खालचा कोपरा दाराच्या पत्र्याला लागला. टक् झालं, बस्. तांदळाच्या दाण्याएवढा टवका उडाला.

आता, गाडीची पुढची काच वेगळी असते. दोन काचांच्या मध्ये चिकट पापुद्रा घातलेला असतो, त्यामुळे ती तडकली तरी जागच्या जागी राहते. बाजूची काच भट्टीत तापवून एकदम गार केलेली असते. पोटात ताण कोंडून ती उभी असते. मधोमध बुक्की मारा, काही होणार नाही. पण तिच्या काठाला दुखवलं, तर ती त्याच क्षणी फुटते, नाहीतर गप्प राहते आणि चांगल्या उन्हात, कुणी हात लावलेला नसताना, एका दमात जाड्या मिठासारखी फुटते. गोगलगायीला हे पाठ होतं. काठ दुखावलेली काच बसवू नये, असं तो दुसऱ्यांना बजावत फिरायचा.

पण मुलगा बघत होता, बाकावर शिकाऊ बघत होते, आणि मास्तर कौतुकानं सांगत होते, "बघून घ्या रे, याचा हात म्हणजे कापूस." त्या कापसाच्या हातानं गोगलगायीनं काठावरून घासायचा दगड फिरवला, काच दारात सोडली आणि वरून आवरण ठोकलं. टवका दाराच्या आत गेला. कुणाला दिसणार होता?

काही दिवसांनी भर दुपारी फोन आला. "दादा, लगेच या. बाबांनी काच फोडली."

तो गेला तेव्हा गाडी अर्धी ओली होती. काचेला उन्हाची फिल्म लावलेली असल्यानं ती खाली सांडली नव्हती, पांढरीफटक होऊन जागेवर लोंबत होती. मास्तर पाइप हातात धरून उभे होते. पाइपातलं पाणी त्यांच्या चपलांवर पडत होतं आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता.

"परवा गॅस चालू ठेवलात, घरभर वास," मुलगा बोलत होता. आवाज चढलेला होता आणि बाकावर शिकाऊ बसलेत याचं त्याला भान नव्हतं. "आज काच. उद्या काय कराल बाबा?"

"मी नुसतं पाणी मारलं," मास्तर म्हणाले. मग त्यांनी हातातल्या पाइपाकडे पाहिलं. "मला तरी तसंच वाटतं."

"पाण्यानं काच फुटते का कधी? काच काय आपोआप फुटते?"

मास्तरांनी गोगलगायीकडे पाहिलं. "तू आलास ते बरं झालं. तूच सांग बाबा. काचेतलं तुला कळतं. मी काही आपटलं का हिच्यावर?"

एका वाक्याचं काम होतं. 'मास्तर, ही माझी करणी,' एवढं म्हणायचं. गोगलगायीनं काचेकडे पाहिलं. सगळ्या रेघा खालच्या कोपऱ्यातून, दाराच्या आतून निघून पंख्यासारख्या वर पसरल्या होत्या. वाचणाऱ्याला स्वच्छ वाचता येत होतं, आणि वाचणारा तिथं तो एकटाच होता.

"लागलं असेल काहीतरी, मास्तर," तो म्हणाला.

मास्तरांनी मान हलवली, शहाण्या मुलासारखी. "मग असेल," ते म्हणाले आणि त्यांनी पाइप खाली ठेवला. मुलानं खुंटीवरची किल्ली काढून खिशात घातली. "उद्यापासून अंगणात यायचं नाही. घरात बसा." गोगलगायीनं फुटकी काच फिल्मसकट सोडवून घेतली, दुसरी बसवली आणि जवळजवळ पळतच दुकानात आला. त्या दिवशी पहिल्यांदाच त्यानं काम झटपट उरकलं.

रात्री त्यानं ताट अर्ध्यावरच बाजूला सारलं. बायको म्हणाली, "तोंड असं का? कुणाचा खून करून आलात?" त्यानं तिला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि भांडी उचलता उचलता म्हणाली, "त्या माणसानं तुम्हाला स्टिअरिंग धरायला शिकवलं." एवढंच. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. त्याला स्वतःच्या हातांची लाज वाटत होती, आणि तोंडाची त्याहून जास्त.

तरी पुढचे दिवस त्यानं ढकलले. आज गिऱ्हाईक आहे, आज उशीर झाला, आज मुलगा घरी नसेल. न जायला कारणं हवी असली की ती आपण होऊन रांगेत उभी राहतात. शेवटी नवी काच तपासायच्या निमित्तानं तो गेला. मास्तर खिडकीशी बसले होते. शर्ट चुरगळलेला होता. अंगणात मुलगा एका शिकाऊला क्लच समजावून सांगत होता आणि मास्तर गजांच्या आडून, आवाज न काढता, नुसते ओठ हलवत तेच म्हणत होते.

"ये रे," त्याला बघून ते खुलले. "तुला सांगायचंच होतं. मला आठवलं बरं का! बादली उचलायला गेलो, तोल गेला आणि बादलीची कडी लागली काचेला. मुलाशी उगाच खोटं बोललो त्या दिवशी. त्याची माफी मागितली मी."

बादली प्लास्टिकची होती. कडीही प्लास्टिकची. आणि त्या दुपारी मास्तरांच्या हातात बादली नव्हतीच, पाइप होता. न घडलेली गोष्ट म्हाताऱ्यानं डोक्याला ताण देऊन देऊन आठवली होती, कारण ती घडली असं त्यांना भरवशाच्या माणसानं सांगितलं होतं.

गोगलगायीला तिथं उभं राहवेना. तो अंगणात गेला आणि त्यानं मुलाला एका दमात सगळं सांगितलं. टवका, दगड, दाराचं आवरण, सगळं.

मुलानं ऐकलं आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. "दादा, तुमचं मन मोठं आहे. बाबांसाठी आळ अंगावर घ्यायला आलात. पण खरं काय ते लपवायला नको. त्यांनी स्वतः कबूल केलंय."

मन मोठं! गोगलगायीला धरणी दुभंगावी असं वाटलं. खोटं बोललो तेव्हा विश्वास ठेवला, खरं बोललो तर देवमाणूस ठरवलं. हे कौतुक घेऊन घरी जाणं त्याला शक्य नव्हतं.

दुकानामागच्या भंगाराच्या पिंपात ती काच अजून होती. फिल्मनं धरून ठेवलेली, जाड गोधडीसारखी दुमडलेली. त्यानं ती हलक्या हातानं फळीवर पसरली, दोन्ही बाजूंनी टेप लावली आणि फळी दोन्ही हातांत धरून चालत मास्तरांच्या घरी आणली. हादऱ्यानं काच विस्कटेल म्हणून गाडीत घालायची त्याची हिंमत झाली नाही.

त्यानं फळी मास्तरांच्या पुढ्यात टेबलावर ठेवली. मुलगा आला, सून दारात येऊन थांबली.

"हा कोपरा दाराच्या आत असतो," तो मुलाला म्हणाला. "इथं बादली पोचत नाही, हात पोचत नाही. माझ्याशिवाय कुणाचाच पोचलेला नाही. आणि बघ, एकूण एक रेघ इथूनच निघालीय."

मुलगा वाकला. त्यानं कोपऱ्यातली एक रेघ बोटानं वरपर्यंत नेली, मग दुसरी, मग तिसरी.

"आणि त्या दिवशी?" तो म्हणाला. आवाजात आता कौतुक नव्हतं. "त्या दिवशी तोंड शिवलं होतं का तुमचं? शिकाऊंसमोर मी बाबांना काय काय बोललो!"

"लाज वाटली," गोगलगाय म्हणाला. "टवक्याची. आणि मग त्याहून मोठी लाज अंगावर घेऊन बसलो. मास्तर, तुम्ही काही केलं नव्हतं."

मुलानं खिशातली किल्ली काढली आणि मास्तरांच्या तळहातावर ठेवली. मास्तरांचं किल्लीकडे लक्ष नव्हतं. ते काचेवरून बोट फिरवत होते, पुन्हा पुन्हा त्या कोपऱ्याशी येत होते.

"म्हणजे बादली नव्हतीच?"

"नव्हती, मास्तर."

"म्हणजे मी नव्हतो." त्यांचा चेहरा इतका उजळला की सुनेनं पदर तोंडाला लावला. मग त्यांनी गोगलगायीचं मनगट धरलं आणि आणखी काहीतरी चांगलं हाती लागणार असल्यासारखं त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"आणि तो गॅस चालू राहिला होता ना रे? तोही तूच का?"

मुलानं मान वळवली. गोगलगायीनं तोंड उघडलं. 'हो मास्तर' म्हणायची त्याची फार इच्छा होती. पण त्या दुपारी एवढं सहज आलेलं खोटं आज काही केल्या जिभेवर येईना. मास्तर त्याचं मनगट धरून वाट बघत राहिले.