आजच बंद करा

"काकू, हा बघा तुमचा हात," तेजल मोबाइल पुढं धरत म्हणाली.

हिरा भाकरीचं पीठ मळत होती. हात पदराला पुसून ती जवळ आली. कॉलेजच्या फेसबुक पानावर बातमी होती आणि फोटोत एक हात पावडरची पुडी धरून होता. चेहरा दिसत नव्हता. तरी आपला हात हिरानं लगेच ओळखला.

"वाच की," ती म्हणाली.

तेजल ही शेजारच्या राजेंद्रची मुलगी. कान्हे गावाहून रोज लोकलनं तळेगावकडच्या गृहविज्ञान महाविद्यालयात जायची. आहार, आरोग्य, कुटुंब, ग्राहकाचे हक्क असे तिचे विषय. दिवाळीनंतर तिच्या वर्गानं गावोगावच्या औषधी पुड्या गोळा करून पुण्याच्या प्रयोगशाळेत तपासायला दिल्या होत्या. हिरानं आपल्या घरातली पुडी हौसेनं काढून दिली होती. सोमाटणे फाट्यावर टेम्पो लावून बसणाऱ्या माणसाची ती सांधेदुखीची पावडर होती.

हिराचा नवरा सीताराम खंडाळ्याच्या एका बंगल्यावर माळी. गुडघे गेले, खाली बसता येईना, तेव्हा काम सुटलं होतं. पावडर सुरू केली आणि थोड्याच दिवसांत तो पुन्हा उकिडवा बसून वाफे खुरपायला लागला. चेहरा भरला, गाल गोल झाले. लोक म्हणाले, सीतारामभाऊंची तब्येत सुधारली. मग हिरानं आळीतल्या बायकांना टेम्पोचा पत्ता सांगितला. काहींना ती स्वतः घेऊन गेली. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या हिराचं आयुष्यात पहिल्यांदाच कुणी ऐकत होतं.

तेजल वाचत गेली. जडीबुटीच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या पावडरीत स्टेरॉइड सापडलं होतं. त्यानं दुखणं दबतं, पण चेहरा सुजून गोल होतो, रक्तातली साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. शेवटचं वाक्य ठळक अक्षरांत होतं : 'अशी पावडर घरात असल्यास आजच बंद करा, फेकून द्या.'

खाटेवर बसलेला सीताराम म्हणाला, "मला चालवलं त्या पावडरीनं. तुजं कालेज आलं व्हतं का मला उठवाया?"

"काका, डॉक्टरांना एकदा दाखवा पण," तेजल म्हणाली. तिच्या गाडीची वेळ झाली होती. ती पळाली.

हिरानं फळीवरचा डबा काढला आणि मोरीत उपडा केला.

"अगं, ह्ये काय करती?"

"शिकल्याली मान्सं खोटं लिव्हत्याल व्हय? माजा हात हाय त्यात. म्याच न्हाई ऐकलं तर कोन ऐकंल?"

सीताराम पाण्याबरोबर वाहून जाणारी पावडर बघत राहिला. "उद्या कामावर कसा जाऊ, त्ये बी इचार त्यास्नी," एवढंच म्हणाला आणि कुशीवर वळला.

गुडघे दुखणार हे दोघांनाही ठाऊक होतं. ते दुखलेच. पण त्याचबरोबर त्याच्या अंगातलं त्राण गेलं. जेवण समोर आलं की मळमळायचं, उठलं की डोळ्यांपुढं अंधारी यायची. हिरा पेज करून पाजायची, पाठ चोळायची.

"अंगातलं इख निगतंय. निगू द्या. मंग बरं वाटंल."

"लय गळाल्यावानी वाटतंय गं."

"वाटनारच की."

एका दुपारी तो आंघोळीला म्हणून उठला आणि भिंतीला टेकून खाली बसला. हिरानं हाक मारली तर त्यानं नुसतं पाहिलं. ओठ हलले, शब्द आला नाही. राजेंद्रनं रिक्षा आणली आणि दोघांनी त्याला दवाखान्यात नेलं.

तिथला डॉक्टर तरुण होता. नाडी बघत त्यानं विचारलं, "काही औषध चालू होतं का?"

"व्हती पावडर. पर बंद केली. समदी फेकून दिली," हिरानं सांगितलं. त्या घाईतही तिला वाटलं, आता हा शाबास म्हणेल.

डॉक्टरनं मान वर केली. "एकदम बंद केली?"

"व्हय. त्याच दिवशी."

"मावशी, ती हळूहळू कमी करायची असते. बरेच दिवस घेतल्यावर शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवायचं थांबतं, तिच्यावरच उभं असतं." पुढचं तो नर्सशी बोलला. इंजेक्शनं दिली, सलाइन लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सीताराम गेला.

बुद्धविहारात सीतारामच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. त्यानंतर तेजल कॉलेजातल्या तिच्या मॅडमना घेऊन आली. अमृता मॅडम खाली सतरंजीवर बसल्या.

"ते वाक्य माझं होतं," त्या म्हणाल्या. "मुलींनी लिहिलं होतं, डॉक्टरांना विचारूनच बंद करा. बातमी लांबते म्हणून मी तेवढं काढलं."

तेजल रडायला लागली. हिरानं तिच्या पाठीवर हात ठेवला.

"मंग आता?"

"आता बदललंय. पानावर नीट लिहिलंय."

"वाचा."

मॅडमनी वाचून दाखवलं. हिरा डोळे मिटून ऐकत होती.

"हां," ती म्हणाली. "आता बराबर हाय."

त्या गेल्यावर ती घरोघर निघाली. ज्यांना टेम्पोपर्यंत नेलं होतं त्या प्रत्येकीच्या दारात उभी राहिली. पावडर वाईट आहे, पण एकदम टाकू नका, आधी दवाखान्यात चला, मी येते संगं, असं सांगत राहिली. बायकांनी पाणी दिलं, सीतारामबद्दल हळहळ केली आणि विषय बदलला. शेवटी नळावर पाणी भरणाऱ्या शकुबाईनं तोंडावर सांगितलं.

"हिरे, वाईट वाटून घिऊ नगंस. पर सीताराम पावडर खात व्हता तंवर चालत व्हता न्हवं?"

"व्हय, आक्का, पर—"

"सोडली आन् ग्येला. समद्या गावानं बगितलंय. मंग म्या कशाला सोडू?"

"सोडू नगा म्हनती मी. दवाखान्यात चला नुसतं."

"दवाखान्यात जाऊन कोन वाचलं? काल आमी समद्या जाऊन दुप्पट घिऊन आलोय. टेम्पोम्होरं हुबं ऱ्हायाला जागा नव्हती."

 हिरानं टेम्पोचा पत्ता सांगितला तेव्हा शकुबाईनं ऐकलं होतं. हिराचा नवरा गेला तेव्हाही तिनं त्यातून आपल्यापुरतं ऐकून घेतलं होतं. 

"उद्या येते परत," हिरा म्हणाली.

"ये की. च्याला ये."

शकुबाईनं नळाखालचा भरलेला हंडा उचलला आणि डोक्यावर घेतला. टेकावरच्या घराची वाट चढणीची होती. गोल झालेला, टवटवीत चेहरा वळवून ती हिराकडं बघून हसली. मग कुठंही न थांबता, गुडघ्याला हात न लावता, पोरीसारखी झपझप वर चढून गेली.